आयएमपी आहेत का, काका?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्याला वर्षात दोन सुगी मिळतात. एक नोव्हेंबर-डिसेंबरात, दुसरी मे-जूनच्या सुमारास. मधल्या महिन्यांत दुकानाचं भाडं आणि विजेचं बिल निघालं की आम्ही खूश. या दोन सुगींत मात्र मशिन थंड होत नाही, आणि जे पीक येतं ते, आडपडदा न ठेवता सांगायचं तर, मुलांच्या भीतीचं असतं. पुण्याच्या धनकवडी-आंबेगाव भागात नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी हे दुकान टाकलं. तेव्हा मुलं मला दादा म्हणायची. मग केव्हातरी काका म्हणायला लागली. आता काही जण थेट अंकल म्हणतात, ते मला अजिबात आवडत नाही.

परीक्षेतल्या मुलांबद्दल घरचे बोलतात, प्राध्यापक बोलतात, पेपरात तज्ज्ञ लिहितात. पण पेपरच्या आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंतचा जो पट्टा आहे, त्यात यांच्यापैकी कोणी मुलासमोर नसतं. आई-वडील लातूरला किंवा जळगावला असतात. सर घरी गेलेले असतात. मेसवाल्याकडे मुलगा दहा मिनिटं बसतो, तेही मान खाली घालून. उरतो आम्ही. सेट निघेपर्यंत त्याला काउंटरपाशी उभं राहावंच लागतं, आणि उभं राहिलेला माणूस बोलतो.

गडबड त्याच्याही आधी सुरू होते, सबमिशनच्या आठवड्यात. तो आठवडा मला मनापासून आवडतो. मुलं झोपलेली नसतात, पण घाबरलेलीही नसतात. एकाची फाइल, त्यावरून सगळी बॅच लिहितेय. कोणाला सही मिळाली, कोणाचे सर सुट्टीवर गेले, कोणाची असाइनमेंट चहा सांडून गेली. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगच्या शीटसाठी जुन्या काळी जीटी चालायची. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग: काचेखाली बल्ब लावायचा, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि पेन्सिल फिरवायची. माझ्या शोकेसची एक जादा काच त्या आठवड्यात कोणत्या ना कोणत्या खोलीवर फिरतीवर असायची. परत आली की तिच्यावर मेणबत्तीचे डाग असायचे, म्हणजे त्या रात्री लाइट गेली होती. फायनल इयरवाले काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं पाडून घ्यायला यायचे, आणि प्रोजेक्टच्या ब्लॅक बुकमध्ये मित्राच्या नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून माझ्या दुकानात अक्षरशः मारामारी झालेली मी पाहिली आहे. संध्याकाळी तेच दोघे एका गाडीवर वडापाव खात होते.

मग पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागते, आणि रस्ता एकदम रिकामा होतो. पहिले काही दिवस कोणी फिरकत नाही. नवीन झेरॉक्सवाला तेव्हा घाबरतो. जुना झेरॉक्सवाला कागदाच्या रिमा भरून ठेवतो.

माझ्या धंद्याची एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी उमगली. पेपरला पंधरा दिवस असताना येणारा मुलगा चार पानं नेतो. 'युनिट तीनचं एवढंच द्या, बाकीचं आहे माझ्याकडे.' पेपरला एक रात्र उरलेली असताना येणारा म्हणतो, 'सगळं द्या.' वाचायला वेळ जितका कमी, तितका कागद जास्त. दीडशे पानांचा गठ्ठा, स्पायरल मारून, वर पारदर्शक कव्हर. तो हातात पडल्यावर मुलाच्या चेहऱ्यात फरक पडतो. मी तो इतक्या वेळा पाहिला आहे की आता न बघताही कळतो. खांदे खाली येतात, पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता खिशाकडे हात जातो, कधी कधी तर हसू येतं. त्याला वाटतं अभ्यास झाला. निदान अभ्यास आपल्या ताब्यात आला. खोलीवर गेल्यावर ते गठ्ठ्याचं वजन उलट्या बाजूने जाणवतं, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. तोच मुलगा आठ वाजता परत येतो, गठ्ठा जसाच्या तसा काखेत, आणि विचारतो, 'काका, आयएमपी आहेत का?'

आयएमपी म्हणजे येणारच असे प्रश्न. ते कोण काढतं, कुठून येतात, हे आजवर कोणालाही नक्की सांगता आलेलं नाही. कुठल्या तरी क्लासच्या सरांनी दिलेत, कुठल्या तरी सीनियरने. एका वर्षी मीच मागच्या पाच पेपरांत परत परत आलेले प्रश्न एका पानावर उतरवून ठेवले होते, माझ्या भाच्यासाठी. ते पान काउंटरवर राहिलं, कोणी तरी त्याचा फोटो काढला, आणि संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजची मुलं 'ते पक्कं आयएमपी' मागायला माझ्याकडेच आली. प्रश्न आले म्हणतात बरेचसे. विद्यापीठाचे पेपर नीट पाहिले तर ते काही अवघड नाही.

तेव्हापासून रात्री नऊनंतर 'सगळं द्या' म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, 'पेपर किती वाजता?' दहाचा असेल तर सांगतो, हा गठ्ठा नको, मागच्या पेपरांचा सेट घे, तेरा-चौदा पानं होतात, ती सोडव. माझा मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही गिऱ्हाईक हाकलता. खरं आहे. बरीच मुलं चिडतातही. 'काका, तुम्ही द्या ना, वाचतो मी.' मग मी देतो. ज्याला त्या क्षणी धीर हवाय त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, आणि दुकानही चालवायचं असतं.

कागदाचं म्हणाल तर, पान एकेकाळी रुपयाला होतं, शेजारी दुकानं वाढली तेव्हा पन्नास पैशांवर आलं, आता दीड-दोन रुपये आहे. पण दराच्या या चढउतारापेक्षाही जास्त नुकसान कोणी केलं असेल तर ते पॅटर्नने. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम काही वर्षांनी बदलतो आणि त्याला त्या वर्षाचं नाव पडतं: 2003 पॅटर्न, 2008, 2012, 2015, 2019, आता 2024. माझ्या मागच्या फळ्यांवर तशाच चिठ्ठ्या आहेत. पॅटर्न बदलला की मास्टर कॉप्यांचा एक अख्खा कप्पा रद्दीत. मधल्या काळात जुन्या पॅटर्नचे विषय राहिलेली मुलं येत राहतात, दरवर्षी थोडी थोडी कमी. त्यांना मी ओळखतो. ती गर्दीत कधी येत नाहीत. दुपारी तीनला, दुकान रिकामं बघून येतात, आणि पॅटर्नचं वर्ष हळू आवाजात सांगतात. 2012 वाल्यांसाठी ती फळी मी जरा जास्तच दिवस ठेवली होती.

सुरुवातीच्या काळात माझ्या पाटीवर झेरॉक्सच्या वर एसटीडी-आयएसडी-पीसीओ असं लिहिलेलं होतं. काचेची एक केबिन होती, आत एक फोन आणि मिटर. रात्री उशिरा दर कमी व्हायचे, म्हणून पोरांची रांग तेव्हाच लागायची. केबिनचं दार नीट लागायचं नाही, त्यामुळे पेपर कसा गेला हे मला घरच्यांच्या बरोबरीनेच कळायचं. पण दोघांना वेगवेगळं. आत 'चांगला गेला, आई, जेवलोय, हो, झोपतो' असं चालायचं. बाहेर येऊन पैसे देताना डोळे पुसलेले असायचे. एक मुलगी रोज फोन करायची आणि रोज 'मस्त' म्हणायची. शेवटच्या पेपरच्या रात्री तिने फोनवर 'मस्त' म्हटलं, बाहेर आली, आणि मला म्हणाली, 'दादा, दोन विषय गेले माझे. तुम्हाला सांगते.' मला का, हे मी विचारलं नाही. कोणाला तरी खरं सांगायचं होतं, आणि मी तिच्या गावचा नव्हतो, एवढं पुरेसं असावं. मोबाइल आले तशी ती केबिन बंद पडली. आता तिच्यात रिमा ठेवतो. मुलं फोनवर घरी काय सांगतात ते हल्ली मला कळत नाही, आणि ही काही फार चांगली गोष्ट झाली असं मला वाटत नाही.

आमच्या धंद्यावर एक ठपका कायम असतो, मायक्रो झेरॉक्सचा, म्हणजे कॉपीसाठी पानं बारीक करून देण्याचा. दहावी-बारावीच्या परीक्षांत केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळात बंद ठेवायला लावतात, त्यामागे हेच कारण. याची गंमत अशी की रेष कुठे आहे ते मशिनवरच्या आकड्यांत दिसतं. 71 टक्के केलं की ए-फोरचं पान ए-फाइव्ह होतं, एका पानावर दोन बसतात. हे पैसे वाचवणारं पोर, त्याला सलाम. 50 टक्के, म्हणजे एका पानावर चार. हेही बरीच मुलं प्रवासात वाचायला नेतात, डोळे फोडून घेतात. त्याच्यापुढे परत एकदा लहान करायला सांगितलं की ते वाचण्यासाठी नसतं. आमच्याकडे ते होत नाही असं मी सांगतो. मागणारी मुलं टपोरी असतात हा समज चुकीचा आहे. ती बहुतेक वेळा अगदी सभ्य, चष्मेवाली, पहिल्या फळीतली असतात. पहिल्या सेमिस्टरला ज्याला चांगले मार्क पडलेत आणि ते टिकवायचेत, तो शेवटच्या बाकावरच्या मुलापेक्षा जास्त घाबरलेला असतो. शेवटच्या बाकावरच्याला केटीची, म्हणजे विषय राहण्याची, सवय असते.

नोट्सची एक गोष्ट सांगतो. मेकॅनिकलच्या एका विषयाच्या हस्तलिखित नोट्स माझ्याकडे वर्षानुवर्षं खपत होत्या. अक्षर मोत्यासारखं, कोणाचं ते कोणालाच माहीत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत शाई फिकट झाली होती, तरी मागणी तीच. एकदा एक प्राध्यापक दुकानात आले. पेपर तपासणीच्या केंद्रावरून आले होते. म्हणाले, तुमच्याकडे अमुक नोट्स आहेत का, दाखवा. मी जरा घाबरूनच काढल्या. त्यांनी पानं उलटली, एका आकृतीवर थांबले आणि कपाळावर हात मारला. त्या आकृतीत एक बाण उलटा होता. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठेच्या गठ्ठ्यांत मुलं तोच बाण उलटा काढत होती. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि माझ्या मास्टर कॉपीवर बाण सुलटा केला. चहाही घेतला नाही. पुढच्या सुगीत मी ती दुरुस्त प्रत द्यायला लागलो, तर मुलं विचारायची, 'हे कोणी बदललंय? सीनियरने दिलेलं ओरिजिनल नाही का तुमच्याकडे?'

कॉपीराइटचं विचारणारेही भेटतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला होता. आम्ही सगळे धास्तावून बातम्या वाचायचो, जणू आपल्यावरच लावलाय. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिकवण्यासाठी निवडक भागांचे संच काढून देणं कायद्यात बसतं असा त्याचा आशय होता. पुढल्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागेही घेतला. पण अख्खं पुस्तक छापून द्यायला त्यातून परवानगी मिळते असं मी मानत नाही. पूर्ण पुस्तक मागितलं की मी अप्पा बळवंत चौकाचा रस्ता दाखवतो. तिथे सेकंडहँड मिळतं, आणि आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा फुकट मिळतात.

पेपर सुटल्यावर काय होतं ते बाहेरच्या माणसाला उलटं वाटेल. ज्याचा पेपर छान गेला तो लगेच पुढच्या विषयाचं मागायला येतो. ज्याचा बरा नाही गेला तोही येतो, शिव्या देत येतो, 'काका, एकही आयएमपी आला नाही.' ज्याचा पार गेला तो येत नाही. त्याचा मित्र येतो आणि म्हणतो, 'त्याचापण एक सेट द्या.' या वाक्याकडे मी लक्ष ठेवायला शिकलोय. सलग दोन पेपरांना एकाच मुलासाठी मित्रच आला, तर मी विचारतो, तो कुठाय, जेवतोय का, खोलीत एकटा आहे का. बऱ्याचदा उत्तर मिळतं, झोपलाय. कधी कधी मित्रालाही ते तोवर सुचलेलं नसतं आणि तो विचारात पडतो. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली, 14416. तो नंबर मी मोठ्या अक्षरात छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. पण सेट निघेपर्यंत नजर कुठे तरी ठेवावीच लागते.

एका मुलाचं इयर डाउन झालं होतं, म्हणजे विषय राहिल्याने पुढच्या वर्षात जाता आलं नव्हतं. घरी सांगितलं नव्हतं. घरचे दर महिन्याला कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे पाठवत होते, आणि हा सकाळी पाठीला सॅक लावून बाहेर पडायचा. कॉलेजात जायचं नसल्यामुळे माझ्या दुकानात बसायचा. बसून बसून कंटाळला तेव्हा पानं लावायला लागला, मग पेपर जॅम काढायला शिकला, मग टोनर भरायला. सुगीत मी त्याला पैसे दिले. त्याच्याच वर्गातली मुलं त्याच्याकडून नोट्सचे सेट घेऊन जायची, तो हसून द्यायचा. एका दुपारी धोतर-टोपीतला एक माणूस आला, हातात कापडी पिशवी, तिच्यात शैक्षणिक कर्जाची कागदपत्रं. झेरॉक्स काढायला म्हणून आला होता. पण कागद पुढे करण्याआधी त्याने विचारलं, 'आमचं लेकरू इथंच बसतंय का दिवसभर?' मुलगा आतल्या बाजूला रिमा फोडत होता. मी खोटं बोलायचा विचार केला, पण तेवढ्यात तो बाहेर आला.

दोघं काही बोलले नाहीत. बापाने पिशवी खाली ठेवली, स्टुलावर बसला. काउंटरवर त्या वेळी एका मुलीचा मोठा सेट अर्धवट लागलेला होता. पोरगा सवयीने पानं जुळवायला लागला आणि बाप त्याला स्टेपलर देत राहिला. सेट पुरा झाला, मुलगी पैसे देऊन गेली. मग बाप मला म्हणाला, 'पानं बराबर लावतंय की.' बाहेर जाऊन ते दोघं बराच वेळ बोलत उभे होते. काय बोलले मला माहीत नाही. कर्जाच्या कागदांची झेरॉक्स त्या दिवशी काढली गेली नाही. मुलाने पुढे राहिलेले विषय सोडवले. एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, सगळ्यात शेवटी निघाला. तो निघाला त्या दिवशी त्याने दुकानात पेढे वाटले, गिऱ्हाइकांनासुद्धा.

2020 ची उन्हाळी सुगी आलीच नाही. शटर बंद, होस्टेलं रिकामी. शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 28 ऑगस्टच्या निकालाने परीक्षेशिवाय पदवी नाही हे ठरलं. ऑक्टोबरात बहुतेक मुलांनी ती घरी बसून, ऑनलाइन, पर्याय निवडून दिली. मला वाटलं होतं, संपला आपला धंदा. पण 2022 मध्ये लेखी पेपर परतले तेव्हा जी मुलं आली तेवढी भेदरलेली मुलं मी त्याआधी पाहिली नव्हती. त्यांना विषय येत नव्हता असं नाही. तासन्‌तास हाताने लिहायची सवय गेली होती. मोबाइलवर पीडीएफ असतानाही ती छापून मागायची. एकाने तर कोऱ्या, रेघांच्या कागदांची रिम विकत घेतली, खोलीवर घड्याळ लावून लिहायला. त्या मुलाकडून मी पैसे थोडे कमी घेतले.

शेवटचा पेपर सुटला की दोन तासांत सगळं बदलतं. जी पानं परवा रात्री जिवापाड जपली, ती फाटकाबाहेर पायाखाली येतात. कोणी शर्टावर सह्या घेतंय, कोणी बस पकडायला पळतंय, कोणी मला विचारतंय, 'काका, हे परत घेता का? अर्ध्या किमतीत?' निकालानंतर काही जण परत येतात, उत्तरपत्रिकेची छायाप्रत विद्यापीठाकडून मागवलेली असते, तिची प्रिंट काढायला. आपलंच तेव्हाचं अक्षर बघून ती चकित होतात. पानागणिक घाई वाढत गेलेली दिसते. एखादा प्रश्न अर्धवट सोडून पुढचा सुरू केलेला, तो का सोडला हे त्यालाच आठवत नाही.

आणि मग ॲडमिशनचा हंगाम येतो. मुलं नव्हे, पालक. डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेअर, जात पडताळणी, बारावीची गुणपत्रिका, सगळ्याचे चार-चार सेट. परवा एका वडिलांनी कागद मोजून घेता घेता विचारलं, 'इथं अभ्यासाचं वातावरण कसं आहे हो?' मी म्हटलं, डिसेंबरात या, रात्री अकराला, दाखवतो. ते हसले. त्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा मुलगा तेव्हा भिंतीवरचे दर वाचत होता, आणि त्याने मला विचारलं, 'बॅक टू बॅक केलं तर किती पडेल?'